बारावी बायोलॉजी (स्टेट बोर्ड): मोठी उत्तरं कशी लिहायची? बजेट ५०० रु.

मानसी_कराड: मुलगी बारावी सायन्सला आहे. तोंडी विचारलं की धडाधड सांगते पण प्रिलिमला ७० पैकी ४१. चार मार्काला दोन-दोन पानं लिहिते आणि शेवटचे प्रश्न राहतात. गाईड नाहीतर प्रश्नसंच सुचवा, ५०० च्या आत. क्लास नको, जाऊन-येऊन तीन तास मोडतात.

शिरीष४७: क्लासच लावा ताई. मी पोराला १८ हजार भरून क्रॅश कोर्स लावला, ६३ पडले. अशा वेळी पैशाकडे बघू नये.

जास्वंद: अहो त्या क्लास नको म्हणतायत ना. मी ज्युनिअर कॉलेजला शिकवते, पेपरही तपासलेत. पानं कुणी मोजत नाही, मुद्दे मोजतात. डबल फर्टिलायझेशन (फुलातलं दुहेरी फलन) आलं तर एक मेल गॅमेट एग सेलला मिळून डिप्लॉइड झायगोट, दुसरा सेकंडरी न्यूक्लिअसला मिळून ट्रिप्लॉइड पीईएन (प्रायमरी एन्डोस्पर्म न्यूक्लिअस), त्यातून एन्डोस्पर्म, आणि एम्ब्रियो सॅकची पेन्सिलनं काढलेली नावं दिलेली आकृती. झालं, पान भरत नाही. आणि सेक्शन डी, म्हणजे चार मार्कांचे प्रश्न, आधी सोडवायला सांगा, डोकं ताजं असतं.

डॉक्टर_होणार: बोर्डाचं सोडा काकू, नीटला ७२० पैकी ३६० बायोलॉजीचे. एनसीईआरटी ओळ न ओळ पाठ करायची.

जास्वंद: नीटला लिहायचं काय असतं, सगळे एमसीक्यू. इथे लिहिण्याचाच प्रश्न आहे आणि पेपर बालभारतीच्या पुस्तकावर येतो.

प्राची_मिरज: गाईड अजिबात घेऊ नका!! माझ्या गाईडात एम्ब्रियो सॅकमध्ये ८ सेल छापलेलं, खरं ७ सेल आणि ८ न्यूक्लिअस. मी तेच लिहून आले, अजून राग येतो.

शिरीष४७: म्हणून तर क्लास म्हणतोय.

गणू_सोलापूर: आकृती पेन्सिलनंच हे मॅडमनी सांगितलंच आहे, मी पण तेच सांगतो. जेल पेन देऊ नका, मागच्या पानावर उमटतं. आणि एक बघा, पोरगी जास्तीचे प्रश्न तर सोडवत नाही ना? बी आणि सी मध्ये १२ पैकी ८ च, डी मध्ये ५ पैकी ३.

प्राची_मिरज: जेल पेननं काही होत नाही, मी तेच वापरलं.

मानसी_कराड: गणूदादा, आत्ता प्रिलिमचा पेपर काढून बघितला. सी मध्ये १२ पैकी ११ लिहिलेत हो! म्हणाली, येत होतं म्हणून लिहिलं. सगळ्यांचे आभार, आता काहीच विकत घेत नाही. दोन वह्या आणल्यात, रोज रात्री जेवणं झाली की घड्याळ लावून चार मार्काचा एक प्रश्न, दहा मिनिटात, मी समोर बसणार. मॅडम, डी आधी सोडवायला ती तयार नाही, पहिल्यापासूनच ओळीनं लिहिणार म्हणते, तेवढं तिचं ऐकते.