मदत हवी आहे: एमिली इडनचं चित्र हाताने काढलेलं की छापील, कसं ओळखायचं?

गवाक्ष: मामांच्या इंदूरच्या घरातून एक जुनी फ्रेम आमच्याकडे आली आहे. मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने ‘मिस इडन’ असं लिहिलंय. हे मूळ चित्र आहे की छापील? शुक्रवारी फ्रेमवाल्याकडे द्यायचंय, प्लीज लवकर सांगा. नेटवर शोधून झालंय, तेच सुचवू नका.

सांजपाखरू: अहो, चित्र कसलं आहे? आकार? रंगीत आहे का? फोटो तरी डकवा.

पेठकर६२: एमिली इडन म्हणजे गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंडची बहीण. १८३६ ते १८४२ भारतात होती. १८३७ मध्ये भावाच्या लवाजम्याबरोबर कलकत्त्याहून निघाली ती सिमला, पंजाब करून १८४० मध्ये परतली, आणि वाटेत राजेरजवाड्यांपासून नोकरांपर्यंत दिसेल त्याला चितारत गेली. त्या चित्रांवरून १८४४ मध्ये लंडनला २४ लिथोंचा, म्हणजे दगडावरून छापलेल्या चित्रांचा, मोठा ग्रंथ निघाला. तुमच्याकडे त्यातलंच सुटं पान असणार. मूळ जलरंग कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये आहेत.

खडूपेन्सिल: पेठकर, न बघता ‘असणार’ कसं म्हणता? तिची सगळीच चित्रं काही एका जागी नाहीत.

गवाक्ष: फोटो अपलोड होत नाहीये. तरुण सरदार आहे, डोक्याला फेटा, गळ्यात पाचू आणि मोत्यांच्या माळा. रंगीत आहे, म्हणून तर हाताने काढलेलं वाटतंय.

माळव्याचाराजा: इंदूरचं घर म्हणताय तर शिंदे किंवा होळकर असतील! इडन मंडळी १८४० मध्ये ग्वाल्हेरला गेली होती, तेव्हा जनकोजीराव शिंदे गादीवर होते, वयानेही तरुणच. माझं मत शिंद्यांनाच.

पेठकर६२: शिंदेशाही पगडी आणि शिखांची दस्तार यांत फरक नको का करायला? पाचू-मोत्यांनी मढलेला तरुण म्हणजे हिरा सिंग असावा, पंजाबच्या महाराजा रणजित सिंहांच्या फार मर्जीतला. वाईट याचं वाटतं की ग्रंथ निघाला तेव्हा रणजित सिंह जाऊन पाच वर्षं झाली होती, त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या शेर सिंगांचा १८४३ मध्येच खून झालेला, आणि हा हिरा सिंगही १८४४ च्या डिसेंबरात मारला गेला. तो अख्खा दरबारच राहिला नाही. त्यातली माणसं समोर बसवून काढलेली ही चित्रं म्हणून मला मोलाची वाटतात.

रानवारा: अवांतर: त्याच ग्रंथात कोहिनूरही आहे ना? तेव्हा तो बाजूबंदात होता. परत कधी आणणार आपण?

माळव्याचाराजा: आणि कलकत्त्याचं ईडन गार्डन्स याच बहिणींच्या नावावरून.

खडूपेन्सिल: कोहिनूरसाठी वेगळा धागा काढा, इथे ताईंना शुक्रवारची घाई आहे. ताई, रंगावर जाऊ नका. या ग्रंथाच्या काही प्रतींत लिथो छापून वर हाताने रंग भरलेले आहेत. म्हणजे रंग हाताचा, रेघ मात्र छापाची. भिंग घेऊन गालावरची सावली बघा. लिथोत चित्र दगडावर तेलकट खडूने उतरवतात आणि दगडाला रवा असतो, त्यामुळे सावली बारीक, वेडीवाकडी कणीदार दिसते. ठिपके एकसारखे, ओळीत असतील तर ते खूप नंतरचं पुस्तकातलं वा कॅलेंडरचं चित्र. हाताने काढलेलं असेल तर पेन्सिलीचा दाब कागदात उतरलेला दिसतो, कुठे रेघ खोडून बदललेली सापडते. माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, छापील मजकूर दडलाय का तेही बघा.

धनलाभ: विकायचं असेल तर लिलावात देऊन बघा. कागदपत्रं मात्र तयार ठेवा.

गवाक्ष: विकायचं नाहीये हो! आईला भिंतीवर लावायचंय. भिंगाने बघितलं, गालावर कणी आहे, ओळीत नाही. हिरवा रंग एका पाचूच्या कडेबाहेर सांडलाय. माउंट थोडा उचलला तर खाली बारीक छापील अक्षरं आहेत. आता फ्रेमवाल्याचं काय? तो म्हणतोय कागद जीर्ण झालाय, प्लायवर गोंदाने चिकटवून देतो. आणि एक कोपरा काचेला चिकटलाय.

सांजपाखरू: हे आधी सांगायचं ना! गोंदाने अजिबात नाही!!

पेठकर६२: आमच्याकडचे जुने नकाशे असेच चिकटवलेत, चाळीस वर्षं टिकलेत.

खडूपेन्सिल: टिकलेत, पण पिवळे पडलेत का ते बघा. लाकडातलं आम्ल कागदात उतरतं आणि गोंद लावला की परत सोडवता येत नाही. ताई, तुमच्या वर्णनावरून हा हाताने रंगवलेला लिथो वाटतोय. आता काचेचा कोपरा ओढू नका, ओलाही करू नका, पाण्याने तो हिरवा पसरेल. काचेसकट सपाट ठेवा आणि कागदाचं संवर्धन करणाऱ्याकडे न्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात संवर्धन विभाग आहे, तिथे विचारा. फ्रेमवाल्याला शुक्रवारी नुसतं माप द्या, चित्र देऊ नका.