प्रति: सारखी गळवं येणं (फुरुन्क्युलोसिस)
फुरुन्क्युलोसिस म्हणजे रक्त खराब झालंय, काढे प्या, असं या चर्चेत आधी कुणीतरी लिहिलंय, ते काही पटलं नाही. केसाच्या मुळाशी जंतू शिरून पू धरतो ते गळू, आणि अशी गळवं पुन्हा पुन्हा यायला लागली की डॉक्टर फाइलवर हे नाव लिहितात, बाकी शुगर तपासून घ्या हा तिथलाच सल्ला मात्र शंभर टक्के बरोबर. पण नाकाचा विषय कुणीच काढला नाही! स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू साधारण 30 टक्के लोकांच्या नाकात काहीही त्रास न देता मुक्काम ठोकून असतो, मग बोट नाकात आणि तेच बोट मांडीवर, झालं काम.

माझ्या भावाचं हेच, अँटिबायोटिकचा कोर्स संपला की मानेवर नवीन ठणका सुरू, शेवटी स्किनच्या डॉक्टरांनी नाकपुड्यांत आतून लावायला म्युपिरोसिनचं (जंतू मारणारं) मलम दिलं आणि टॉवेल, रेझर सगळ्यांचे वेगळे करायला लावले तेव्हा कुठे थांबलं. आणि फक्त काखेत नि जांघेतच येत असतील, व्रण राहत असतील तर हायड्राडेनायटिस नावाचा वेगळाच त्वचेचा आजार नाही ना ते विचारा, त्याची ट्रीटमेंट वेगळी असते.