ऐनवेळी घरात गोतावळा जमला तेव्हा...

मालवी मिरची
आज भाजीवाल्याकडे गराडूचे कंद दिसले, या थंडीतले पहिले, आणि इंदूरच्या रामबागेतली एक एकतीस डिसेंबरची रात्र आठवली. मुलांना नाताळची सुट्टी होती. आमचा बेत काय, तर मऊ खिचडी खाऊन गोधडीत शिरायचं. साडेसातला फाटकाची कडी वाजली. देवासच्या वन्सं, त्यांचे यजमान, मुलं, वर त्यांच्या शेजारचं नवीन लग्न झालेलं जोडपं! "सराफ्यात (आमची रात्रीची खाऊगल्ली) खायला निघालो होतो, म्हटलं आधी वहिनीकडे डोकावून जाऊ." डोकावून म्हणे. बसले ते बसलेच.

घरात गराडूचे दोन मोठे कंद आणि लिंबं, बाकी नन्नाचा पाढा. मी फ्रीज उघडून उभी. सासूबाई हळूच म्हणाल्या, "चार पदार्थांच्या मागे लागू नकोस. एकच कर, पण कढईतून थेट ताटलीत पडू दे." त्यांनी हातांना तेल चोपडलं (नाहीतर साल काढताना जी खाज सुटते ती रात्रभर पुरते), जाडसर साल काढून फोडी केल्या. पहिल्यांदा मंद आचेवर तळून बाजूला. फोड बोटाने दाबून बघायची, दबली की दुसऱ्यांदा कडक तेलात, बाहेरून तांबूस होईतो. वर जिरावन मसाला आणि लिंबू. वन्संचे यजमान म्हणजे आमच्याकडे पाटाशिवाय न बसणारे जावई, ते ओट्याशी ताटली धरून रांगेत उभे! हॉलमध्ये कुणी गेलंच नाही. ती नवी नवरी शेवटी सासूबाईंच्या हातून झारा घेऊन स्वतः तळायला लागली. सराफा राहिला तो राहिलाच.

तुमच्याकडे सुट्टीत असं काही झालं असेल तर लिहा. फसलेलंही चालेल.

सुदामानगरवाली
गराडू!!! अगं काय हे, उपास आहे माझा आज. रात्री सविस्तर लिहिते, कुकर लावलाय.

भिया पण मराठी
आमच्याकडे पार्टी म्हणजे पोहे, वेळ कुठलीही असो. दिवाळीच्या सुट्टीत मावस-आतेभावंडं जमली की रात्री अकरालाही पोहे. बाबा करायचे. त्यांची पद्धत ठेल्यावाल्याची: फोडणीत पोहे कालवायचे, मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवायचं, त्यावर पोह्यांची परात, आणि वाफेवर राहू द्यायचे. कोरडे पडत नाहीत. मग जो जसा येईल तसा खातो, गृहिणीला परत परत गॅसपाशी जावं लागत नाही. वर बारीक शेव, कच्चा कांदा, डाळिंबाचे दाणे. जिलबी आणायला मात्र मलाच स्कूटरवर पिटाळायचे, आणि मी कुडकुडत परत येईपर्यंत परात रिकामी. या अन्यायाची दाद कुठे मागायची?

रिकामा डबा
शेव लवंगेची का साधी?

भिया पण मराठी
@रिकामा डबा भांडण लावायला आलात का? लवंगेची.

टिळकनगरची सून
मी सांगलीची. लग्नानंतरची पहिली दिवाळीची सुट्टी. नवऱ्याने त्याच्या मित्रांना सकाळी दहाला फोन करून दुपारी जेवायला बोलावलं. मेनू काय, तर दालबाफले. "सोपं असतं गं, कणीक आणि डाळ, बस." सोपं!! आधी घट्ट कणीक मळा, गोळे उकळत्या पाण्यात सोडा, ते तरंगले की काढून निथळा, मग गॅसतंदूरमध्ये चारही बाजूंनी भाजा, मग तुपात बुडवा. त्या तंदूरमध्ये एका वेळी मावतात किती! एकची पंगत चारला बसली. तोपर्यंत मंडळींनी चहा आणि शेवेवर काढली, कुणी पेपरातलं शब्दकोडं सोडवलं. जेवण झाल्यावर तुपाने असा काही इंगा दाखवला की सगळे हॉलमध्ये सतरंजीवर आडवे. संध्याकाळी चहा पिऊनच गेले. हे सगळे अजून म्हणतात, काय मस्त पार्टी झाली होती!

नर्मदे हर
बाफले खाऊन झोपले नाहीत तर ते बाफले नव्हेत.

आयपॅडवाल्या आजी
नातीने हे लावून दिले आहे, चुका सांभाळून घ्या बाळांनो. हुकुमचंद मिल १९९१ ला बंद पडली, त्याच्याही बऱ्याच आधीची गोष्ट. हे मिलमध्ये होते. नाताळात भाचरंडं आली आणि मावठा (थंडीतला पाऊस) सुरू झाला, बाहेर पाऊल टाकता येईना. मुलं नुसती अंगावर येत होती. मी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हाऊजीची तिकिटं आखली. तीन ओळी, नऊ रकाने, प्रत्येक ओळीत पाच आकडे, म्हणजे तिकिटाला १५. एक ते नव्वद चिठ्ठ्या पितळी डब्यात. आकडे झाकायला काही नव्हते म्हणून राजमा वाटला मूठमूठ. पहिली ओळ लागली की एक चिक्की, फुल हाऊसला आख्खा मुरमुऱ्याचा लाडू. आमच्या दिरांनी फसवून दोनदा फुल हाऊस घेतले. त्यांना मुलांनी पलंगाखाली कोंडले. जेवायला नुसती पिठलं-भाकरी आणि ठेचा होता, कुणी तक्रार केली नाही. राजमा दुसऱ्या दिवशी धुऊन शिजवला.

टिळकनगरची सून
आजी!!! साष्टांग नमस्कार _/\_

बडोदेकरीण
इंदूरकरांच्या धाग्यात घुसते आहे, हाकलू नका. आमची ऐनवेळची पार्टी दर १४ जानेवारीला गच्चीवर असते. उत्तरायणला कोण कुणाच्या गच्चीवर येईल काही नेम नाही. बोलावलेले राहतात बाजूला, न बोलावलेले आधी. एकदा सेवउसळ ठरली आणि वाटाणे भिजवलेलेच नव्हते. कडकडीत पाण्यात चिमूटभर सोडा घालून झाकून ठेवले आणि मग कुकरला नेहमीपेक्षा जास्त शिट्ट्या. झाले मऊ. तरी वेगळी ठेवायची, म्हणजे ज्याला जेवढी तिखट सोसेल तेवढी. पातेलं गच्चीवर नेताना जिन्यात एक फिरकी आडवी आली... असो.

नर्मदे हर
असो काय असो! पुढे?

बडोदेकरीण
पुढे काय, पाव होते ना :)

सुदामानगरवाली
आले. कुकर झाला, उपासही सुटला. माझा अनुभव पार्टीचा कमी आणि दुसऱ्या सकाळचा जास्त. नणंदेच्या मुलीचं प्रमोशन झालं, सुट्टीत सगळे इथेच होते म्हणून रात्री आठला ठरलं की आज करूच. बटल्याची (मटारची) कचोरी केली. एवढी भांडी घासणार कोण, म्हणून प्लास्टिकच्या प्लेटा आणायला भाच्याला पाठवलं, तर दुकानदाराने १ जुलै २०२२ च्या बंदीवर त्याचंच बौद्धिक घेतलं. तो पानाचे द्रोण आणि पत्रावळी घेऊन आला. बरंच झालं, कचोरी छान दिसली त्यात. पण सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली आणि आमच्या पिशवीत चटणी, कागद, फुगे सगळं एकत्र! गाडीवाला हात लावेना. आदल्या रात्री सूट घालून केक कापणारे जावईबापू स्वेटर-मफलर लावून अंगणात ओला-सुका वेगळा करत बसले. २०१७ पासून वर्षानुवर्षं शहर स्वच्छतेत पहिलं आलं ते असंच नाही.

रिकामा डबा
जावईबापूंचा फोटो असेलच.

सुदामानगरवाली
आहे, पण सोन्यासारखा जावई घालवायचा नाहीये.

पुण्यात अडकलेला इंदुरी
सगळ्यांचा निषेध. मिरचीताई, जिरावन घरी करता येतं का? इथे मिळणाऱ्याला ती चव नाही.

मालवी मिरची
येतं की. जिरे, धने, बडीशेप कोरडी भाजायची, वेगवेगळी. गार झाल्यावर दळायची. त्यात आमचूर, काळं मीठ, सुंठ, हिंग, तिखट. आमची आई दोन लवंगा आणि दालचिनीही घालायची. आमचूर सढळ हाताने घाल.

पुण्यात अडकलेला इंदुरी
धन्यवाद. आणि गराडू नाही मिळाला तर कोनफळ चालेल?

मालवी मिरची
चव वेगळी लागेल, पण तळून बघ. हाताला तेल विसरू नकोस.

भिया पण मराठी
आजी, एक विचारू का? तो राजमा मुलांच्या हातातून, सतरंजीवरून... खरंच शिजवला?

आयपॅडवाल्या आजी
हो. तुझ्या वयाच्या चार जणांनी दोनदा मागून घेतला.