३१५ रायफलीत काडतूस पूर्ण बसत नाही. चेंबर घासून घ्यावे का?

जाणकारांना नमस्कार.

आमची शेती बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जंगलाच्या कडेला आहे. पीकसंरक्षणासाठी आजोबांनी घेतलेली ईशापूरची ३१५ बोअरची रायफल आता माझ्या परवान्यावर आहे. ३०३ बोअर सामान्य नागरिकांना निषिद्ध असल्यामुळे ही रायफल ३१५ मध्ये बनवलेली असली, तरी तिची यंत्रणा लष्करी ली-एनफिल्डचीच आहे. त्यामुळे ३०३ हाताळलेल्या माजी सैनिकांचे मतही मला हवे आहे.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीआधी रायफल ठाण्यात जमा करावी लागली. पावसाळा तोंडावर होता, म्हणून गंज चढू नये या काळजीने मीच नळीत आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत, घट्ट ग्रीस भरले. परत मिळाल्यावर नळी साफ केली, पण चेंबरकडे दुर्लक्ष झाले, ही चूक माझीच. पुढे बरेच महिने ती पेटीतच राहिली. आता भात पोटरीला आल्यावर बाहेर काढली, तर खडकीचे नवे काडतूस आत गेले, पण बोल्टची, म्हणजे मागून चेंबर बंद करणाऱ्या दांड्याची, मूठ खाली बसेना. जोर न लावता काडतूस काढून घेतले आणि त्यानंतर जिवंत काडतूस आत घातलेले नाही.

पुढची तपासणी रिकाम्या पुंगळ्यांवर केली. काडतूस नसताना बोल्ट अगदी सहज बंद होतो. बोल्टवरचा आणि रायफलीवरचा क्रमांक एकच आहे. याच रायफलीतून पूर्वी उडवलेल्या काही पुंगळ्या आजोबांच्या डब्यात होत्या. बोल्ट पूर्ण बाहेर काढून त्यांतली एक अंगठ्याने आत ढकलली, तर तिची रिम (बुडाची कड) टेकायच्या आधीच ती अडकली आणि दोन रुपयांची दोन नाणी मावतील एवढी बाहेर राहिली. ज्या चेंबरमधून ती निघाली त्याच चेंबरमध्ये ती आता बसत नाही, आणि बोल्ट बाहेर असल्यामुळे एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी मागे ओढणारा आकडा), बोल्ट हेड (बोल्टचे पुढचे टोक) किंवा मॅगझीन यांचा यात संबंध उरत नाही, असे मला वाटते. पुंगळीच्या खांद्यावर, जिथे ती मानेकडे निमुळती होते तिथे, काकवीच्या रंगाचा चिकट पट्टा उमटला होता.

रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी रात्रभर चेंबरमध्ये ठेवली. सकाळी ती तपकिरी होऊन निघाली आणि पुंगळी आणखी आत गेली. आता एका नाण्याएवढेच अंतर उरले आहे. मात्र दुसऱ्या रात्रीनंतर त्यात फरक पडलेला नाही.

एका कारागिराने पॉलिश कागदाने चेंबर मोठे करून किंवा बोल्ट हेड घासून देतो असे सांगितले. मी होकार दिलेला नाही. झिजेने हेडस्पेस (बंद बोल्टचे तोंड आणि काडतुसाची रिम टेकते ती जागा यांतले अंतर) वाढते, आपोआप कमी होत नाही. मग आज अडते म्हणून बोल्ट हेड घासले, तर चेंबर साफ झाल्यावर तेच अंतर धोकादायक रीतीने वाढणार नाही का? घासलेला धातू परत येत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. उरलेला थर वाळलेले ग्रीस आहे की त्याखालचा गंज, हे कसे ओळखावे? नळीच्या ब्रशापेक्षा जाड पितळी ब्रश मागून घालून चेंबरमध्ये फिरवणे सुरक्षित आहे का? आणि कोल्हापूरच्या परवानाधारक गनस्मिथकडे रायफल न्यायची झाल्यास, फक्त कर्नाटकापुरता परवाना असलेल्या कोणी सीमेपलीकडे नेण्याची परवानगी काढली असेल, तर अर्ज कोणत्या कार्यालयात केला, तेही कृपया सांगावे.