मदत हवी आहे : वैनगंगेकाठी जुन्याच जागेवर घर बांधावं की टेकडीवर जावं?

गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगेला लागून. ऑगस्ट २०२० मध्ये वरून मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणाचं पाणी आलं, गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडले आणि आमच्या मातीच्या घरात छातीइतकं पाणी. दोन भिंती बसल्या. २०२२ च्या जुलैत पुन्हा पाणी अंगणापर्यंत आलं.

आता घरकुल मंजूर झालंय. जुनी जागा गावठाणात, नमुना ८ (ग्रामपंचायतीचा घराचा उतारा) बाबांच्या नावावर. दुसरा पर्याय दीड किलोमीटरवरची आमचीच उंच पड जमीन, पण ती शेतजमीन, वीज-नळ नाही. बाबा म्हणतात, बांध्या (धानाची शेतं) इथं, ढोरं इथं, मी कुठं जाऊ? त्यांचंही खोटं नाही. पऱ्हे (धानाची रोपं), तनस, रात्रीची राखण सगळं काठालाच आहे.

ग्रामपंचायतीत विचारलं, ग्रामसेवकांना गावाची पूररेषा माहीत नव्हती. तलाठ्यांनी पाटबंधारे खात्याकडे बोट दाखवलं. तिथं अर्ज देऊन महिना झाला. गवंडी म्हणतो, जोतं चार फूट घे, पण पाणी छातीइतकं होतं, चार फुटानं काय होणार?

पुनर्वसन मागा असं कृपया सांगू नका, फक्त आमच्या सात-आठ घरांसाठी ते व्हायला किती वर्षं लागतील ते ठाऊक आहे. वेगळं कर्जही काढायचं नाही.

पूररेषेतल्या निळ्या रेषेच्या आत, म्हणजे नदीकडच्या बाजूला, बांधकामाला मनाई असते एवढं कळलंय. मग गावठाणातल्या जुन्या घराच्या जागेलाही ती लागू होते का? आणि पहिला हप्ता उचलण्याआधी घरकुलाची जागा कुणी बदलून घेतली आहे का, त्यासाठी अर्ज नेमका कुणाकडे केला?