ट्रिगर सुटताना साइट खाली डावीकडे जाते, मदत हवी आहे

काळा_ठिपका:
तीन आठवडे रोज अर्धा तास घरी नेमबाजीची ड्राय प्रॅक्टिस (छर्रा न भरता ट्रिगर दाबायचा सराव) करतोय. होल्ड (नेम धरून स्थिर राहणं) बरा राहतो, पण ट्रिगर सुटला की फ्रंट साइट (नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट) खाली डावीकडे जाते. आता रेंजवरही सगळे शॉट तिथेच पडायला लागलेत. पुढच्या आठवड्यात स्पर्धा आहे. काय करू? लवकर सांगा.

मनगट_सरळ:
पिस्तूल की रायफल? हात कोणता? टार्गेट किती अंतरावर? एवढं तरी लिहा.

कोरी_भिंत:
खाली डावीकडे म्हणजे उजव्या हाताचं पिस्तूलच असणार. ट्रिगर ओढताना बाकीची बोटंही आवळली जातात. टार्गेट काढून टाका. कोऱ्या भिंतीसमोर उभं राहून फक्त फ्रंट साइट आणि मागच्या साइटच्या खाचेत तिच्या दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या फटी बघा. ट्रिगर सुटल्यावरही दोन-तीन सेकंद बघत राहा. समोर टार्गेटचा काळा गोल दिसला की बोट घाई करतं, कोऱ्या भिंतीवर घाईला कारणच नसतं.

जुना_रायफलवाला:
माझं ऐका, रायफल घ्या. दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पण रायफलचं जाड जॅकेट चढवलं की अंग कसं शांत होतं. माझ्या मुलीने तेच केलं.

मनगट_सरळ:
काका, रायफल घेऊ का असं त्यांनी विचारलेलं नाही.

काळा_ठिपका:
पिस्तूल, उजवा हात. चार मीटरवर रेंजवरचंच कागदी टार्गेट लावतो.

मनगट_सरळ:
मग ते टार्गेट बदला. 10 मीटरचा काळा गोल 59.5 मिमीचा असतो, चार मीटरवर तो अडीचपट दिसणार. साधारण 24 मिमीचा गोल काढा. आणि नळीवर नाणं ठेवून ट्रिगर दाबा, ते पडता कामा नये.

कोरी_भिंत:
नाणं नको. मी महिनाभर केलंय. सगळं लक्ष नाण्यावर जातं आणि साइट बघायची राहते.

मनगट_सरळ:
मला तर त्यानेच फरक पडला.

पंप_झडप:
थांबा, पिस्तूल कोणतं ते आधी सांगा. स्प्रिंगचं असेल तर रिकामं उडवू नका. पुढे छर्रा नसला की पिस्टनला हवेची उशी मिळत नाही, तो थेट सिलिंडरच्या टोकावर आदळतो. माझं सील असंच गेलं. आणि कोणतंही असो, सरावाआधी नळी रिकामी आहे का ते बघा, छर्र्यांची डबी दुसऱ्या खोलीत ठेवा.

काळा_ठिपका:
क्लबमध्ये पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारं) वापरतो. घरी जुनं स्प्रिंगचं आहे.

पंप_झडप:
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! क्लबच्या पिस्तुलाचा ट्रिगर पाचशे-साडेपाचशे ग्रॅम वजनाला सुटणारा असेल, घरचा त्याच्या कितीतरी पट जड. रोज अर्धा तास बोटाला जोर लावायची सवय लावताय, तीच रेंजवर येतेय. घरी ट्रिगरला हात लावू नका, नुसते होल्ड करा. ट्रिगरचं काम क्लबच्या पिस्तुलावर, ड्राय मोड (हवा न सोडता नुसता ट्रिगर सुटतो ती सोय) लावून.

नवीन_आलोय:
मध्येच विचारतो, डावा डोळा मिटायचा का?

कोरी_भिंत:
मिटू नका, चेहरा ताणला जातो. त्या डोळ्यासमोर 30 मिमी रुंदीपर्यंतची पट्टी स्पर्धेत चालते, ती लावा.

काळा_ठिपका:
आत्ता घरचा ट्रिगर नीट दाबून बघितला. शेवटी पूर्ण पंजा आवळला जातोय, मनगटावरची शीरसुद्धा वर येते. हे लक्षातच आलं नव्हतं. उद्या क्लबमध्ये ट्रिगर वजन लावून मोजतो आणि लिहितो.