कांद्याचा प्रश्न लोकसभेत मांडून घ्यायचाय, खासदारांच्या हातात नेमकं काय द्यावं?

चाळीतला_कांदा (चांदवड तालुका)

नमस्कार मंडळी. अधिवेशनाआधी आम्ही गावातले २५-३० कांदा उत्पादक मिळून खासदारांना भेटायला जाणार आहोत. निवेदन मीच लिहायचं असं ठरलंय, कारण गटात बारावीच्या पुढं शिकलेला मी एकटा. चार रात्री बसलो. तीन पानं झाली आणि वाचून बघितली तर सगळी ओरडच दिसते, मागणी कुठंच सापडत नाही.

माझं दुखणं सांगतो. डिसेंबर २०२३ मध्ये लाल कांदा काढणीला आला होता. ७ तारखेला रात्री निर्यातबंदीची बातमी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा पिकअप भरून दारात उभा होता. मजूर लावून काढलेला माल परत जमिनीत तर घालता येत नाही. आठ-पंधरा दिवसांत भाव निम्म्यावर आला. लाल कांदा चाळीत (साठवणीच्या शेडमध्ये) टिकत नाही, म्हणून मिळेल त्या भावात दिला. त्या पट्ट्या (विक्रीच्या पावत्या) अजून कपाटात आहेत.

१ एप्रिल २०२५ पासून निर्यातशुल्क नाही हे माहीत आहे. पण रोप टाकताना एक धोरण आणि काढताना दुसरं, ही भीती मनातून जात नाही. आम्हाला एवढंच हवंय की लागवड झाल्यावर अचानक निर्णय होणार नाही, असं सरकारनं सभागृहात सांगावं. बफरसाठी, म्हणजे सरकारच्या राखीव साठ्यासाठी, जो कांदा खरेदी होतो तो खरोखर शेतकऱ्याच्या चाळीतून किती जातो, हेही कळावं.

खासदार हे लोकसभेत कसं मांडतात? नुसतं निवेदन दिलं की होतं का? जाणकारांनी सांगावं.

येवलेकर_७२

भाऊ, तुमचं दुःख माझंही आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. बोलून काही होत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क लागलं तेव्हा लिलाव बंद झाले, आंदोलनं झाली, सभागृहातही आवाज उठला. तरी डिसेंबरात बंदी आलीच. ती उठली कधी? ४ मे २०२४ ला. नाशिक-दिंडोरीचं मतदान होतं २० मे ला. आणि उठली तीही टनामागं ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. मतपेटी दिसली तेव्हाच दिल्ली हलली. तीन पानांचं निवेदन हारासोबत टेबलावर राहतं, हे मी तीनदा पाहिलंय.

दिल्लीचं_टपाल

मी एका ग्रामीण मतदारसंघाच्या खासदारांचा स्वीय सहायक म्हणून दहा वर्षं काम केलं. आता निवृत्त आहे. साहेबांचं नाव आणि पक्ष इथं लिहीत नाही, त्याचा या विषयाशी संबंध नाही. थोडं लांबेल, पण वाचा.

येवलेकरांचं म्हणणं मी खोडणार नाही. निवेदनं हारासोबत राहतात हे खरंच आहे, आणि ती उचलून बॅगेत भरण्याचं काम माझंच होतं. पहिल्या अधिवेशनाला साउथ अॅव्हेन्यूच्या फ्लॅटवर बॅग उघडली आणि पलंगावर कागदांचे ढीग लावले. रस्ता, डीपी, विहीर, पाणंद, शाळाखोली. निम्म्याहून जास्त कागद राज्य सरकारचे नाहीतर जिल्हा परिषदेचे. शेती, पाणी, स्थानिक संस्था हे राज्याच्या सूचीतले विषय. त्यावर लोकसभेत प्रश्न टाकला तर केंद्राचा विषय नाही म्हणून तो तिथंच अडकतो. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चच्या पडझडीत क्विंटलला ३५० रुपये अनुदान मिळालं ते राज्याचं होतं, ते दिल्लीत मागून चाललं नसतं.

म्हणून कागद लिहायला बसण्याआधी कांद्याचं दार कोणतं ते ठरवा. लोकांना वाटतं कांदा म्हणजे कृषी मंत्रालय. तसं नाही. निर्यातबंदी आणि किमान निर्यातमूल्य हा विदेश व्यापार महासंचालनालयाचा विषय, म्हणजे वाणिज्य मंत्रालय. निर्यातशुल्क अर्थ मंत्रालयाकडं. नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत होणारी बफरची खरेदी भाव स्थिरीकरण निधीतून होते, तो ग्राहक व्यवहार विभागाचा. कृषीकडं राहतं क्षेत्र, उत्पादन आणि पीकविमा. बाजार समिती परत राज्याची. चुकीच्या दारात प्रश्न टाकला की तो इकडून तिकडं पाठवण्यात दिवस जातात. मंत्रालयांचे पाच गट असतात आणि प्रत्येक गटाचा आठवड्यातला वार ठरलेला असतो. तो वार हुकला की प्रश्न पुढच्या आठवड्यावर गेला, आणि अधिवेशन असतं तीन-चार आठवड्यांचं.

आता मांडायचं कसं. टीव्हीवर दिसतो तो शून्य प्रहर. बारा वाजता सुरू होतो, नावं चिठ्ठीनं निघतात, बोलायला मिनिट-दोन मिनिटं मिळतात. व्हिडिओ गावात फिरतो, लोकांना बरं वाटतं. पण मंत्र्यानं तिथं उत्तर द्यायलाच हवं असं बंधन नाही. नियम ३७७ खाली २५० शब्दांपर्यंतचा मजकूर मांडता येतो, त्यावर मंत्र्यांकडून मागाहून पत्रानं उत्तर येतं. स्थानिक प्रश्नासाठी हे साधन चांगलं आहे आणि गावाकडून ते कुणी मागत नाही.

माझा भर मात्र कायम लेखी प्रश्नावर राहिला. दिवसाला २० तारांकित प्रश्न यादीत असतात, त्यांची उत्तरं मंत्री तोंडी देतात आणि उपप्रश्न विचारता येतात. पण तासाभरात पहिले पाच-सात झाले तरी खूप. अतारांकित २३० असतात आणि त्या सगळ्यांना लेखी उत्तर येतं. नोटीस किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. म्हणून तुम्ही अधिवेशनाच्या तोंडावर गेलात तर पहिला आठवडा हातातून गेलाच म्हणून समजा.

एक अनुभव सांगतो. आमच्याकडं एका हंगामात पीकविम्याचे दावे मोठ्या संख्येनं नामंजूर झाले. साहेबांना शून्य प्रहरात कंपनीवर तुटून पडायचं होतं. आमच्या भागातल्या एका निवृत्त तलाठ्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘भांडण नंतर, आधी आकडा मागा.’ आम्ही अतारांकित प्रश्न टाकला. जिल्ह्यातले किती दावे नामंजूर, कोणत्या कारणानं, कारणनिहाय संख्या. उत्तराला जोडपत्र आलं. त्यात सगळ्यात मोठा आकडा ‘७२ तासांत सूचना दिली नाही’ या रकान्यात. त्या दिवसांत आमच्या भागात चार दिवस वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. फोन लावणार कुठून? वीज कधी गेली आणि कधी आली याची नोंद उपकेंद्रावर असतेच. जोडपत्र आणि ती नोंद एकत्र लावून लोक जिल्हा समितीपुढं गेले आणि बऱ्याच जणांचे दावे पुन्हा उघडले. साहेब त्या विषयावर सभागृहात एक शब्दही बोलले नव्हते. कामाला आला तो उत्तराचा कागद, कारण सरकारनं स्वतः दिलेला आकडा कुणी नाकारू शकत नाही.

दुसरं, उत्तरात मंत्री ‘विचाराधीन आहे’, ‘तपासून बघू’ असं म्हणाले तर ते आश्वासन धरलं जातं. लोकसभेची शासकीय आश्वासन समिती त्याचा माग ठेवते, पूर्ततेला साधारण तीन महिने असतात. मुदतवाढी मिळत राहतात, तरी ती नोंद पुसली जात नाही. तुमची ‘अचानक निर्णय नको’ ही मागणी इथपर्यंत न्यायची आहे.

येवलेकर, मतपेटीचं म्हणालात ते मान्य. पण ती पाच वर्षांनी येते, आणि कांदा वर्षात तीनदा.

बीडचा_मास्तर

एक गोष्ट जोडतो. आमच्या बीडमधून १९६७ साली क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेत गेले, त्याआधी १९५७ ला साताऱ्यातून. लोकसभेत ते मराठीतून बोलले, हे आमच्याकडची जुनी माणसं अजून अभिमानानं सांगतात. आता तर सभागृहात मराठीच्या भाषांतराची सोय आहे. खासदारांना सांगा, गोल्टी, चाळ, उन्हाळ कांदा हे शब्द मराठीतच बोला. हिंदीत चाचपडत बोललेलं दोन मिनिटांत विरून जातं. आपल्या भाषेत माणूस ठाम उभा राहतो.

आणि राजू शेट्टींचं उदाहरण लक्षात घ्या. ऑगस्ट २०१८ मध्ये त्यांनी कर्जमुक्ती आणि हमीभाव अशी दोन खाजगी विधेयकं (मंत्री नसलेला खासदार मांडतो ती) लोकसभेत मांडली. खाजगी विधेयक १९७० नंतर एकही कायदा झालेलं नाही, हे त्यांनाही माहीत असणारच. तरी शेतकऱ्यांची मागणी कलमांच्या भाषेत लिहिली गेली. मला तो प्रयत्न मोठा वाटतो.

चाळीतला_कांदा (चांदवड तालुका)

टपाल साहेब, तुमचं उत्तर काल रात्री गटात मोठ्यानं वाचून दाखवलं. तीन पानं बाजूला ठेवली. आता प्रश्नाचा मसुदा असा केलाय, ग्राहक व्यवहार मंत्र्यांना:

(क) मागील तीन वर्षांत नाशिक जिल्ह्यातून बफरसाठी किती कांदा खरेदी झाला, वर्षनिहाय व तालुकानिहाय;
(ख) त्यापैकी थेट शेतकऱ्यांकडून किती व संस्थांमार्फत किती;
(ग) खरेदीनंतर शेतकऱ्यास सरासरी किती दिवसांत रक्कम मिळाली, आणि
(घ) शेतकऱ्यांवर वारंवार होणारा हा अन्याय सरकार कधी थांबवणार आहे?

येवलेकर दादा, तुम्हीही सोबत चला. तुमच्या पट्ट्या घेऊन या.

येवलेकर_७२

येतो. माझ्याकडं २०२३ च्या डिसेंबरच्या अकरा पट्ट्या आहेत, बंदीच्या आधीच्या चार आणि नंतरच्या सात.

दिल्लीचं_टपाल

मसुदा चांगला आहे. (घ) काढा. प्रश्नात आरोप, अनुमान किंवा युक्तिवाद चालत नाही, त्या एका ओळीपायी अख्खा प्रश्न परत येईल. त्याजागी असं लिहा: ‘लागवडीनंतर निर्यातधोरणात बदल करण्यापूर्वी उत्पादकांना पूर्वसूचना देण्याचा सरकारचा विचार आहे काय?’ मात्र ही ओळ वाणिज्य मंत्रालयाकडच्या वेगळ्या प्रश्नात टाका, यात नको. दोन्ही प्रश्न १५० शब्दांच्या आत बसवा. खासदारांच्या सहायकाला कागदासोबत टाइप केलेली फाइलही द्या, त्याचा अर्धा दिवस वाचतो.

येवलेकरांच्या अकरा पट्ट्या वरच ठेवा. आधीचा भाव आणि नंतरचा भाव, एकाच शेतकऱ्याचा, एकाच महिन्यातला. खासदारांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. प्रत्येक पट्टीसोबत त्या वर्षीची सातबाऱ्यावरची पीकपाहणीची नोंद लावा. आणि पट्ट्यांचे फोटो आजच काढून ठेवा, तारीख आणि वजन स्पष्ट दिसेल असे. काट्यावरच्या त्या चकचकीत कागदाची शाई दोन उन्हाळ्यांत उडते.